मिथिलीन ब्लू किती वेळा मारणार?

रसायनशास्त्राच्या प्रबंधांत एका रंगाचा फार वेळा बळी जातो. त्याचे नाव मिथिलीन ब्लू. डिस्टिल्ड पाण्यात लिटरला दहा मिलिग्रॅम एवढा तो विरघळवायचा, आपण तयार केलेली, नायट्रोजन मिसळलेली टायटॅनियम डायऑक्साइडची भुकटी त्यात चिमूटभर टाकायची, वर दिवा लावायचा आणि ढवळत ठेवायचे. दर पंधरा मिनिटांनी थोडे पाणी काढून स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये पाहायचे. दोन तासांत निळाई ओसरते, आलेखाची रेघ तळाला टेकते, 'विघटन ९५ टक्के' असे लिहिले जाते. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याने मग भुकटीत नायट्रोजनऐवजी लोह मिसळायचे, त्याच्या पुढच्याने चांदी. पार्ल्यापासून मुलुंडपर्यंत जिथे जिथे पदव्युत्तर रसायनशास्त्र शिकवले जाते, तिथे हा प्रयोग ओळखीचा आहे. तो टोकियोत होतो, तेहरानात होतो, तसा आपल्याकडेही होतो, तेव्हा एकट्या मुंबईच्या उपनगरांना बोल लावण्यात अर्थ नाही. मात्र उपनगरांना एक सोय आहे, जी जगातल्या बऱ्याच प्रयोगशाळांना नाही. इथे रंगीत, मळके, खारट, साबणाचे पाणी हवे तेवढे आणि फुकट मिळते.

विहार आणि पवई तलाव भरून वाहू लागले की त्यांच्या सांडव्यांतून मिठी नदी निघते. साकीनाका, मरोळ करत ती विमानतळाच्या पोटाखालून जाते, कुर्ला-कालिन्यातून वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचांना वळसा घालते आणि जेमतेम अठरा किलोमीटरमध्ये माहीमच्या खाडीला मिळते. वाटेत तिला गोठे भेटतात, तेलाची पिंपे धुणारे भेटतात, भंगारवाले भेटतात, कपडे धुणारे-रंगवणारे गाळे भेटतात, आणि सर्वांत जास्त भेटते ते तुमच्याआमच्या घरांतले सांडपाणी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडून मिठीला पूर आला. त्यानंतर समित्या बसल्या, प्राधिकरण झाले, पवईच्या आयआयटीनेही मिठीचा अभ्यास करून दिला. अभ्यास कमी पडले असे कोणी म्हणू नये. नाल्यातल्या पाण्याची आणि प्रयोगशाळेतल्या पाण्याची गाठ मात्र सहसा पडत नाही, आणि आमची तक्रार तेवढीच आहे.

भुकटी खोटी नाही, हे आधी सांगितले पाहिजे. टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगातला पांढरेपणा. भांडुपला लाल बहादूर शास्त्री मार्गावर एशियन पेंट्सचा कारखाना कित्येक दशके चालला. पांढऱ्या रंगाच्या डब्यात मोलाचा ऐवज असतो तो हाच. हे द्रव्य ज्या इल्मेनाइट वाळूतून काढतात, ती रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळबादेवी-मालगुंडकडे पायाखाली असते. रंगवाल्यांना या पांढऱ्याची एक खोड फार पूर्वीच कळली होती. उन्हात राहिलेल्या भिंतीवरून हात फिरवला की पांढरी भुकटी हाताला लागते. भोवतालचे तेल, राळ, चिकटा यांना हा कण उन्हाच्या मदतीने हळूहळू जाळत असतो. १९३८ साली गुडइव्ह आणि किचनर या संशोधकांनी तर टायटॅनियम डायऑक्साइड उजेडात एका रंगद्रव्याचा रंग उडवतो, हे रीतसर मोजून दाखवले होते. रंगाच्या कारखान्यांनी त्यावर उपाय काढला. कणावर ॲल्युमिना आणि सिलिकाचे पातळ आवरण चढवून त्याला गप्प बसवले. म्हणजे ज्या गुणापायी एक उद्योग हैराण होता, तोच गुण जागा करण्यासाठी आता हजारो प्रबंध लिहिले जात आहेत.

१९७२ साली टोकियोच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी 'नेचर'मध्ये या द्रव्याच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन दाखवले, तेव्हापासून ही दौड सुरू झाली. तत्त्व सरळ आहे. पुरेशा जोराचा प्रकाशकण आदळला की कणातला इलेक्ट्रॉन वर उडतो आणि त्याच्या जागी पोकळी राहते. पोकळी पाण्यातून हायड्रॉक्सिल मूलक तयार करते, इलेक्ट्रॉन पाण्यातल्या प्राणवायूला धरतो. हा हायड्रॉक्सिल मूलक क्लोरीनपेक्षा कितीतरी उग्र असतो. सेंद्रिय रेणू समोर आला की त्याचे लचके तोडतो. अडचण 'पुरेशा जोराचा' या दोन शब्दांत आहे. ॲनाटेज जातीच्या टायटॅनियम डायऑक्साइडला ३.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, म्हणजे ३८७ नॅनोमीटरच्या आतले अतिनील किरण. जमिनीवर पोचणाऱ्या उन्हात ते पाच टक्क्यांच्या आसपास. उरलेले पंचाण्णव टक्के ऊन या भुकटीच्या दृष्टीने वायाच.

मिसळणीची कल्पना इथून आली. टायटॅनियमच्या किंवा ऑक्सिजनच्या जागी थोडासा परका अणू बसवला तर दृश्य प्रकाशही कामाला लावता येईल. २००१ साली जपानमधल्या टोयोटाच्या संशोधन केंद्रातून नायट्रोजन मिसळलेल्या भुकटीचा लेख 'सायन्स'मध्ये आला आणि पांढरी भुकटी पिवळसर करण्याची जगभर चढाओढ लागली. पण परका अणू कमी पडला तर उपयोग नाही, जास्त झाला तर उडालेला इलेक्ट्रॉन आणि मागे राहिलेली पोकळी त्याच्याच आसऱ्याला येऊन एकमेकांना मिठी मारतात आणि प्रकाशाची सगळी कमाई उष्णता होऊन जाते. शिवाय दृश्य प्रकाशातून मिळालेली पोकळी मुळातच थोडी मवाळ असते. हे सगळे संशोधकांना माहीत आहे आणि ते प्रामाणिकपणे लिहितातही.

लिहिले जात नाही ते मिथिलीन ब्लूबद्दल. हा रंग स्वतःच लाल-नारिंगी प्रकाश भरपूर शोषतो. उजेडात तो आपला इलेक्ट्रॉन भुकटीला देऊन मोकळा होतो आणि आपणहून मोडत जातो. भुकटीने दृश्य प्रकाश पकडला की रंगाने, हे आलेखावरून कळत नाही. होक्काइडो विद्यापीठाच्या ओहतानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली नेमका हाच प्रश्न शीर्षकात घालून लेख लिहिला: दृश्य प्रकाशातल्या चाचणीसाठी मिथिलीन ब्लू योग्य आहे का? त्यांचे उत्तर नकाराकडे झुकणारे होते. त्याला दोन दशके होत आली. रंग तोच, दिवा तोच, आलेखही तोच.

दुसरे असे की हा रंग नाल्यात नसतोच. सुती कपडा आज प्रामुख्याने रिॲक्टिव्ह रंगांनी रंगतो आणि त्यांतले बरेचसे ॲझो जातीचे असतात. दोन नायट्रोजन अणूंचा एक जोड, त्याच्या दोन्ही अंगांना बेंझीन-नॅफ्थलीनची कडी. डोळ्याला दिसणारा रंग त्या जोडामुळे. जोड तुटला की रंग गेला. कडी तशीच पाण्यात. म्हणून रंगीत सांडपाण्यावर हायपोक्लोराइट ओतणारा गाळेवाला आणि ९५ टक्क्यांचा आलेख काढणारा विद्यार्थी यांच्यात आम्हाला, क्षमा असावी, फारसा फरक दिसत नाही. दोघांनीही मोजला तो रंग. विद्यार्थ्याच्या भुकटीला पुरेसा वेळ मिळाला तर ती कडीही फोडून कार्बन डायऑक्साइडपर्यंत नेऊ शकते, हे तिचे खरे मोठेपण आहे. पण रंग गेल्यावर लागणारा वेळ रंग जायला लागलेल्या वेळेच्या कितीतरी पट असतो, आणि तिथवर थांबायला सांगणारे एकूण सेंद्रिय कार्बन मोजायचे यंत्र सगळ्यांकडे नसते. दिवा दोन तासांनी बंद होतो.

अर्धवट मोडलेला ॲझो रंग अखंड रंगापेक्षा वाईट असू शकतो, कारण त्यातून काही वेळा ॲरोमॅटिक अमाइन सुटतात. या अमाइनांची भीती काल्पनिक नाही. त्यांच्यातले काही कर्करोग घडवतात म्हणून जर्मनीने १९९४ साली अशा रंगांच्या कपड्यांना बंदी केली. आपली निर्यात अडकणार हे दिसल्यावर १९९७ मध्ये भारतानेही ७० ॲझो रंगांवर बंदी आणली. कपडा ज्याच्या अंगाला लागणार त्याची काळजी अशी युरोपातून आली. त्याच कपड्याचे धुवण ज्याच्या दारातून जाते, त्याच्यासाठी कोणी परदेशी गिऱ्हाईक पत्र लिहीत नाही.

आणि रंग हा या सगळ्या प्रकरणातला एकमेव साक्षीदार आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्यात निळी कुत्री फिरू लागली. पंचतंत्रातल्या कोल्ह्याला निळा होण्यासाठी रंगाऱ्याच्या पिंपात पडावे लागले होते. तळोज्याच्या कुत्र्यांना औद्योगिक वसाहतीत नुसते वावरणे पुरले. छायाचित्रे जगभर गेली आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने एका कारखान्याला टाळे ठोकले. २०२० च्या फेब्रुवारीत डोंबिवलीचा रस्ता गुलाबी झाला तेव्हा मुख्यमंत्री स्वतः पाहायला गेले. कासाडी नदी आणि डोंबिवलीचे नाले त्याआधीही वर्षानुवर्षे रसायने वाहत होते. कुत्री करडी राहिली असती, रस्ता काळाच राहिला असता, तर कोण गेले असते? सांडपाण्याचा रंग तेवढा घालवून देणारे स्वस्त तंत्र उद्या खरोखरच निघाले, तर त्याचे पहिले गिऱ्हाईक नदीची चिंता वाहणारा नसेल.

बरे, आपल्या भुकटीला खरे पाणी दाखवले तर काय होईल? रिॲक्टिव्ह रंग सुताला धरावा म्हणून डाईबाथमध्ये लिटरला चाळीस-पन्नास ग्रॅम मीठ टाकतात, गडद छटेला त्याहून जास्त. समुद्राचे पाणी पस्तीस ग्रॅमचे. त्यावर धुण्याचा सोडा. मग खळ, साबण, मऊपणासाठी लावलेली द्रव्ये. क्लोराइड आणि कार्बोनेट हायड्रॉक्सिल मूलकाला मधल्या मध्ये गिळतात. मूलकाचे आयुष्य इतके क्षणभंगुर की कणाच्या पृष्ठभागापासून तो दूर जाऊच शकत नाही. रंगाचा रेणू शेजारी असेल तरच काम होते, आणि शेजारी आधी साबण येऊन बसलेला असतो. पाणी गडद असेल तर उजेड वरच्या काही मिलिमीटरांतच संपतो. किलोभर सुती कापड रंगवायला साधारण शंभर लिटर पाणी धरले, तर दिवसाला पाचशे किलो माल काढणाऱ्या छोट्या कारखान्याचे पन्नास हजार लिटर होतात. प्रयोगशाळेतले लिटरला एक ग्रॅम हे प्रमाण तिथे लावले की भुकटी पन्नास किलो. ती इतकी बारीक की तळाशी बसत नाही. परत गाळून घेतली नाही तर रंगाबरोबर भुकटीही मिठीत. हीच भुकटी युरोपीय संघाने २०२२ मध्ये खाद्यपदार्थांतून हद्दपार केली आहे. काचेवर किंवा फरशीवर तिचा थर दिला तर गाळण्याची कटकट मिटते, पण पाण्याला भिडणारा पृष्ठभाग घटतो. उन्हावर चालवायचे म्हटले तर उथळ, पसरट हौद हवेत. साकीनाक्याच्या गाळ्यात दोन माणसे एकमेकांना ओलांडून जाताना अंग चोरतात, तिथे हौद कुठे? आणि जून ते सप्टेंबर ढगांतून झिरपेल तेवढ्या अतिनील किरणांवर भागवायचे. दक्षिण स्पेनमध्ये अल्मेरियाच्या रखरखीत उन्हात सौर शुद्धीकरणाचे प्रयोग कित्येक वर्षे चालले आहेत. जड कामाला तिथल्या लोकांनीही पुष्कळदा टायटॅनियम बाजूला ठेवून लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची जोडी घेतली.

टायटॅनियमची भुकटी कुठे यशस्वी झाली ते पाहावे. स्वतः स्वच्छ होणाऱ्या खिडक्यांच्या काचा, जपानी फरशा. दोन्हीकडे मळ पातळ असतो आणि वेळ भरपूर. म्हणजे सांडपाण्याच्या कामातही तिची जागा शेवटी आहे: गाळ बसला, जीवाणूंनी आपला वाटा खाल्ला, पाणी नितळ झाले, आणि तरीही जे चिवट रेणू उरले त्यांच्यासाठी. पहिल्याच पायरीवर तिला नाला पाजणे हा तिच्यावरही अन्याय आहे.

माटुंग्याच्या आयसीटी या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे १९३३ मध्ये सुरू झालेल्या जुन्या यूडीसीटीत, रंगही शिकवले जातात आणि रंगाचे पाणी साफ करणेही. तिथल्या पराग गोगटे आणि अनिरुद्ध पंडित यांनी २००४ साली सांडपाण्याच्या ऑक्सिडीकरण पद्धतींचा दोन भागांत आढावा घेतला होता. पहिल्या भागात एकेक पद्धत, दुसऱ्यात त्यांच्या जोड्या. अरुंद भोकांतून पाणी जोराने नेऊन त्यात बुडबुडे फोडायचे, त्याच्या जोडीला प्रकाश आणि उत्प्रेरक, अशा तऱ्हेचे काम त्या परंपरेतले. अभियंत्याची ही नजर आहे: किती लिटर, किती वीज, किती खर्च. माटुंगा ते घाटकोपर अंतर रेल्वेने फार नाही, पण रसायनशास्त्र विभाग ते रासायनिक अभियांत्रिकी विभाग हे अंतर आपल्या विद्यापीठांत लोकल कापू शकत नाही.

इकडे महापालिका सांडपाण्याची सात नवी केंद्रे उभारते आहे. जानेवारी २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झाले. उपनगरांतली काही पाहिली तर मालाडला दिवसाला ४५ कोटी ४० लाख लिटर, घाटकोपरला ३३ कोटी ७० लाख, भांडुपला २१ कोटी ५० लाख, वर्सोव्याला १८ कोटी. ती व्हायलाच हवीत. पण अशी केंद्रे मुख्यतः जीवाणूंच्या भरवशावर चालतात, आणि हवेशीर टाकीतल्या जीवाणूंना ॲझो जोड पचत नाही. गटारात सोडलेला रंग काही गाळाला चिकटेल, काही तसाच समुद्रात जाईल. तो गटारात येण्याआधीच गाठायला हवा, आणि त्या ठिकाणी कायदा कसा आहे? केंद्राच्या २०१६ च्या नियमांनी कापड उद्योगाच्या सांडपाण्याला रंगाची मर्यादा घातली, प्लॅटिनम-कोबाल्ट मापाने १५०. शिवाय सेंद्रिय भाराच्या मापांना, सीओडीला २५० आणि बीओडीला ३०. नियम वाईट नाही. पण सांडपाणी सोडणारी रंगाई प्रदूषणाच्या वर्गवारीत 'लाल' वर्गातली. गाळ्याने परवाना मागितला तर मिळणार नाही, म्हणून तो मागत नाही, आणि ज्याला परवानाच नाही त्याला मर्यादा कोणती लावणार? छापा पडला की वीज तुटते आणि पिंपे चार गल्ल्या पलीकडे जातात. वीस-पंचवीस गाळ्यांना मिळून एक सामाईक टाकी, तिला जागा आणि कागदावर नाव देणे हे काम रसायनशास्त्राचे नाही. ते पालिकेचे आणि मंडळाचे आहे, आणि त्यासाठी कुठल्याही नव्या भुकटीची वाट पाहायची गरज नाही.

विद्यापीठाने मात्र आपल्या अखत्यारीतले एक करावे. या विषयावरचा प्रबंध स्वीकारताना चार गोष्टी मागाव्यात. दिवा बंद ठेवून केलेली चाचणी, म्हणजे रंग मोडला की नुसता भुकटीला चिकटला ते कळेल. रंगाबरोबर एकूण सेंद्रिय कार्बनचा आकडा. तीच भुकटी पाचव्यांदा वापरल्यावरचा निकाल. आणि एक तरी चाचणी खऱ्या सांडपाण्यावर, मीठ-साबणासकट. चौथीत बहुतेक आलेख कोसळतील. कोसळू देत, कोणत्या क्षाराने किती मारले, कोणती मिसळण त्यातल्या त्यात तगली, हे कळणे ९५ टक्क्यांच्या आणखी एका आलेखापेक्षा किमती आहे. नापास झालेली भुकटी छापायला नियतकालिके तयार नसतील, तर प्रबंधात तरी तिला जागा असावी आणि परीक्षकाने त्यासाठी गुण कापू नयेत. कार्बन मोजायचे यंत्र प्रत्येक कॉलेजाला परवडणार नाही हे खरे. ते पवईत आहे, माटुंग्यात आहे, नमुने तिथे पाठवता येतात. नाल्याचे पाणी कुठून आणायचे, असे मात्र अंधेरी-घाटकोपरच्या कोणा मार्गदर्शकाने विचारू नये. साकीनाक्याहून पाच लिटरचा कॅन रिक्षात घातला तर भाडे डिस्टिल्ड पाण्यापेक्षा फार जास्त होत नाही.